बंद डाईंगची जागा घेताना माती आणि बोअर कसा तपासावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत वीसेक वर्षे चाललेले आणि आता बंद पडलेले सूत डाईंगचे युनिट एका गृहस्थांना युनिफॉर्मच्या शिलाई कारखान्यासाठी विकत घ्यायचे आहे. जागेत एक चालू बोअर आहे, कोपऱ्यात जुना ट्रान्सफॉर्मर आणि मागच्या बाजूला शोषखड्डा. बोअरचे पाणी त्यांनी तपासून घेतले, अहवालावर ‘पिण्यायोग्य’ असा शिक्का आला. तरी घरातल्या शिकलेल्या मुलीने शंका काढली की जमिनीत वर्षानुवर्षे टिकून राहणारी रसायने या तपासणीत दिसतात का? दिसत नसतील तर काय तपासायचे, कुठे, आणि किती दिवस लक्ष ठेवायचे?

मुलीची शंका रास्त आहे. हा अहवाल या कामासाठी पुरेसा नाही.

तुम्ही पाठवलेल्या अहवालात पीएच, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार), कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह आणि जंतू एवढेच आहे. गावोगावच्या बोअरसाठी ही तपासणी ठीक आहे. पण रंगखात्यात जे वापरले जाते त्यातले, मीठ सोडले तर, यात काहीच शोधलेले नाही. आयएस १०५०० या आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात सापडणाऱ्या पीसीबी या रसायनांची ०.०००५ मिलिग्रॅम आहे. नेहमीच्या पॅकेजमध्ये प्रयोगशाळा या दोन्ही गोष्टी बघत नाहीत, कारण कोणी मागत नाही. पीएफएएस नावाच्या ज्या टिकाऊ, फ्लोरिनयुक्त रसायनांबद्दल (यांनाच ‘फॉरेव्हर केमिकल’ म्हणतात) मुलीने विचारले, त्यांची तर २०१२ च्या या मानकात मर्यादाच दिलेली नाही. शिवाय अहवालातले ‘फ्लोराइड’ आणि पीएफएएस यांचा काही संबंध नाही. फ्लोराइड खडकातून येते. पीएफएएसमधला फ्लोरिन कार्बनला इतका घट्ट बांधलेला असतो की फ्लोराइडच्या चाचणीला तो सापडतच नाही. ‘फ्लोराइड ०.६ आले, म्हणजे ते फॉरेव्हर केमिकल नाही’ असे मी लोकांच्या तोंडून वारंवार ऐकतो, म्हणून हे आधीच स्पष्ट केले.

पण लगेच महागडी तपासणी करायला धावू नका. प्रयोगशाळेला तुम्ही जे विचाराल तेवढ्याचेच उत्तर मिळते, आणि काय विचारायचे हे त्या जागेत काय घडले यावरून ठरते. माझ्या मते या कामातले निम्मे काम कागद आणि माणसे यांच्यात आहे.

कागदांत सातबारा किंवा एमआयडीसीचे वाटपपत्र तुमचा वकील पाहीलच. तुम्ही प्रदूषण नियंत्रण मंडळाची जुनी संमतीपत्रे मागा, एकच नाही, जितकी मिळतील तितकी. त्यात उत्पादन काय, रोज किती सांडपाणी, गाळ किती आणि तो कुठे पाठवायचा, हे लिहिलेले असते. घातक कचऱ्याचा दरवर्षीचा तक्ता आणि गाळ रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या सामायिक केंद्रात नेल्याच्या पावत्या मागा. संमतीपत्रात वर्षाला काही टन गाळ लिहिला असेल आणि पावत्या एखाद-दोनच निघाल्या, तर उरलेला गाळ कुठे गेला हा पहिला प्रश्न. बहुतेक वेळा तो आवारातच असतो: भरावाखाली, कंपाउंडच्या कडेला, नाहीतर शेडची फरशी उंचावताना तिच्याखाली. मालक कागद देत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा.

मग माणसे. तिथे काम केलेला एखादा जुना रंगारी किंवा फिटर शोधा. शहराच्या पूर्व भागात चौकशी केलीत तर सापडतो. त्याला ‘प्रदूषण होते का’ असे विचारू नका, तो बिचकेल. पाणी कुठल्या बाजूने वाहायचे, हौद कितीदा उपसायचे, पावसाळ्यात मागे काय साचायचे, ड्रम कुठे ठेवायचे, रंग कुठले होते, व्हॅट की नॅप्थॉल की रिअॅक्टिव्ह, असे साधे विचारा. सल्फर रंगाला पूर्वी बायक्रोमेट लावत, तेव्हा ‘पिवळी-नारिंगी पूड’ वापरात होती का हेही विचारा. हो म्हणाला तर क्रोमियमचा संशय पक्का धरायचा. आणि एक अवघड प्रश्न: एखाद्या जुन्या, कोरड्या बोअरमध्ये पाणी सोडायचे का? देशातल्या अनेक औद्योगिक भागांत असे प्रकार उघडकीस आले आहेत. तसा बोअर असेल तर बाकी सगळी गणिते बदलतात.

आता पीएफएएस इथे असेल का? पाणी, तेल आणि डाग कापडाला चिकटू नयेत म्हणून ही रसायने फिनिशिंगमध्ये लावतात. सोलापुरी टॉवेलचे काम पाणी शोषण्याचे, म्हणून साध्या टॉवेल-चादरीच्या सूत डाईंगमध्ये त्यांना जागाच नाही. तिथे मीठ, सोडा, कॉस्टिक, हायड्रो, सॉफ्टनर हेच असते. पण मधल्या काळात त्या शेडमध्ये कोणी भाड्याने टेबलक्लॉथ, सोफ्याचे कापड किंवा डाग न पडणारे युनिफॉर्मचे कापड फिनिश करत होते का, स्टेंटर (कापड ताणून वाळवायचे मशीन) होता का, रसायनांच्या बिलांवर ‘वॉटर रिपेलंट’ किंवा ‘सी-८’, ‘सी-६’ असे लिहिलेले आहे का, ते पाहा. सी-८ म्हणजे आठ कार्बनची जुनी साखळी. अमेरिकेतल्या मोठ्या उत्पादकांनी तिथल्या पर्यावरण संस्थेच्या २००६ च्या कार्यक्रमाखाली २०१५ पर्यंत ती थांबवायची असे ठरले, त्यानंतर बाजारात सी-६ वाढले. दुसरी संशयाची जागा म्हणजे आग विझवण्याचा फेस. तेलाच्या टाकीजवळ फेसाचे सिलिंडर होते का, कधी मोठी आग लागून फेस मारला गेला का, हे शेजाऱ्यांना नक्की आठवते. तिसरी म्हणजे शेजारी क्रोम प्लेटिंगचे दुकान. तिथे हौदातून उडणारी वाफ दाबायला हीच रसायने घालत. या तिन्हींपैकी काहीच नसेल तर पीएफएएसची एकच प्राथमिक तपासणी करा आणि पैसा क्रोमियम, पीसीबी आणि क्षारांवर लावा. हा माझा स्पष्ट सल्ला आहे, जरी आजकाल सगळीकडे चर्चा पीएफएएसचीच असली तरी.

पीसीबीचे पटकन सांगतो. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात हे असू शकते. युनिट २००० नंतरचे असले तरी ट्रान्सफॉर्मर सेकंडहँड घेतलेला असू शकतो, म्हणून पाटीवरचे वर्ष बघा. नवा ट्रान्सफॉर्मरही सुटत नाही, कारण तेल गाळायचे एकच मशीन दहा ठिकाणी फिरते आणि एकाचे तेल दुसऱ्यात मिसळते. तेलात किलोला ५० मिलिग्रॅमच्या वर पीसीबी निघाले तर ते पीसीबीयुक्त धरायचे. आपल्या देशात २०१६ च्या आदेशाने त्याचे उत्पादन आणि आयात बंद झाली आणि वापराची मुदत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. त्यामुळे ट्रान्सफॉर्मर भंगारवाल्याला देऊन मोकळे होऊ नका. आधी तेल तपासा, चौथऱ्याखालची माती तपासा, आणि हे सगळे व्यवहाराच्या आधी, विकणाऱ्याच्या खर्चाने.

आता जमीन. इथे मी जरा सविस्तर लिहितो, कारण बाहेरचे सल्लागार येऊन नदीकाठच्या गाळाच्या जमिनीची पद्धत आपल्याकडे लावतात आणि फसतात.

सोलापूरखाली दख्खनचा बेसाल्ट आहे. वर काळी माती, कुठे दोन फूट, कुठे आठ-दहा. तिच्याखाली मुरूम, मग भेगाळलेला खडक, मग काळा पत्थर, मध्ये मध्ये मांजऱ्या खडक. पाणी वाळूतून झिरपावे तसे सारखे झिरपत नाही. ते मुरमात पसरते आणि खडकाच्या भेगांतून वाट मिळेल तिकडे पळते. काळी माती ओली असताना पाणी खाली जाऊ देत नाही, असे सगळे मानतात. पण एप्रिल-मे महिन्यात तिला हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या मीटरभर खोल जातात. पहिल्या वळवात आवारात साचलेले पाणी त्या भेगांतून सरळ मुरमावर पोहोचते.

शोषखड्ड्याजवळ जेसीबीने चर खणला की हे डोळ्यांनी दिसते. वरची दोन-तीन फूट माती निळसर-जांभळी, भेगांच्या भिंतींवर रंगाच्या उभ्या रेघा. त्या रेघा खाली मुरमाला टेकल्या की रंग आडवा पसरलेला असतो, कधी चार-पाच फूट, कधी चराच्या टोकापर्यंत. चर दोन दिवस उघडा ठेवला तर मुरमाच्या त्या पट्ट्यावर पांढरे क्षार फुलून येतात. रंगाला डोळा लगेच जातो, पण मी क्षारांकडे आधी बघतो. रिअॅक्टिव्ह डाईंगला मीठ भरपूर लागते आणि ते मातीत कशाला चिकटत नाही. पाणी जिथवर गेले तिथवर तेही गेलेले असते. म्हणून माझे पहिले साधन म्हणजे साधा टीडीएस मीटर. तुमचा बोअर आणि आजूबाजूचे मिळतील तेवढे बोअर एका दिवसात फिरून मोजा. तुमच्याकडे आणि उताराच्या बाजूला आकडा चढा असेल, चढाच्या बाजूला कमी असेल, तर सांडपाणी भूजलापर्यंत पोहोचले असे धरून पुढचा बेत आखायचा. आकडे सारखेच असतील तर जमीन स्वच्छ ठरत नाही, पण घबराटीचे कारण कमी होते.

पाण्याचा उतार कुठे आहे हे अंदाजाने ठरवू नका. तीन बोअरची सकाळची, पंप चालू व्हायच्या आधीची पाण्याची जमिनीपासूनची खोली मोजा, ती त्या-त्या जागेच्या जमिनीच्या उंचीतून वजा करा, म्हणजे दिशा कळते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात निरीक्षण विहिरींच्या पातळ्या असतात, त्याही पडताळायला घ्या.

मातीचे नमुने घेताना पाच जागांची माती एकत्र करून एक पिशवी भरायची नाही. शेतीसाठी ती पद्धत बरोबर आहे, इथे ती घाण लपवते. जिथे संशय आहे तिथलीच माती वेगळी घ्या: शोषखड्डा, डाईंग मशीनखालची गटार, रसायनांची खोली, गाळ वाळवायची जागा, ट्रान्सफॉर्मर. प्रत्येक ठिकाणी एक वरची, एक तीन-चार फुटांवरची आणि एक माती-मुरूम जिथे भेटतात तिथली. एक नमुना आवाराबाहेरचा, कधी कारखाना नव्हता अशा चढावरच्या जागेचा. तो नसेल तर तुमच्या क्रोमियमचा आकडा वाचताच येणार नाही, कारण आपल्या बेसाल्टमध्ये नैसर्गिक क्रोमियम असते. म्हणूनच एकूण क्रोमियमबरोबर सहासंयुजी क्रोमियम वेगळे मागा. धोका त्याचा आहे.

आता बोअर. आपल्याकडचा बोअर मुरूम संपेपर्यंत वीस-चाळीस फूट केसिंग घालून खाली उघडाच असतो. म्हणजे वरच्या भेगेतले खराब पाणी आणि दोनशे फुटांवरचे चांगले पाणी एकाच नळीत मिसळते, आणि नमुन्यात येते ते मिश्रण. केसिंगच्या तोंडाशी उकिडवे बसून बघा. पाइप आणि जमीन यांच्यात बोटभर फट असते, कोणी सिमेंटने बुजवलेली नसते. त्या फटीतून आवारातले पाणी वर्षानुवर्षे थेट खाली गेलेले असते. अशा बोअरमध्ये काही सापडले तर ते खडकात पसरले आहे की या एका नळीभोवतीच आहे, हे कळत नाही. व्यवहार मोठा असेल तर उताराच्या बाजूला निरीक्षणासाठी दोन लहान बोअर घ्या, एक मुरमाच्या तळापर्यंत, एक खोल. खोल बोअरला वरचा थर पूर्ण बंद करून बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी माती) आणि सिमेंटने सील लावून घ्या. बोअरवाले कंटाळा करतील, तुम्ही समोर उभे राहा.

पीएफएएसचा नमुना घेताना काळजी वेगळीच. मोजायचे असते लिटरला काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जावे भाग. आपल्या प्लंबरने प्रत्येक जोडाला गुंडाळलेली पांढरी टेप टेफ्लॉनची असते आणि टेफ्लॉन याच कुटुंबातले. टाकीतून किंवा नळातून नमुना घेऊ नका. पंप चालवून साचलेले पाणी जाऊ द्या आणि बोअरच्या तोंडाजवळ, टेप लागण्याआधी घ्या. बाटली पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिनची, झाकणाला आतून टेफ्लॉनची चकती नको. नमुना घेणाऱ्याने रेनकोट घालू नये, क्रीम लावू नये, नाश्त्याच्या तेलकट कागदाला हात लावून यायचे नाही. सोबत स्वच्छ पाण्याची एक बाटली जागेवर उघडून भरा आणि तीही तपासायला द्या, म्हणजे दूषितता जागेची की हाताळणीची हे कळते. आपल्या उन्हाळ्यात बर्फ वितळतो, म्हणून पेटी रात्रीच्या गाडीने पुण्या-मुंबईला पाठवा आणि पोचल्यावरचे तापमान अहवालात लिहायला सांगा.

प्रयोगशाळा निवडताना एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र भिंतीवर असणे पुरेसे नाही. त्यांच्या मान्यतेच्या यादीत पीएफएएस आहे का, पाण्यासाठी आहे की मातीसाठीही, पद्धत कुठली, आणि सर्वांत कमी किती मोजता येते, हे लेखी घ्या. सांडपाणी आणि मातीसाठी अमेरिकेची १६३३ क्रमांकाची पद्धत आहे, तिच्यात ४० संयुगे मोजतात. अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यात पीएफओए आणि पीएफओएस या दोन पीएफएएसना प्रत्येकी ४ नॅनोग्रॅम प्रतिलिटर अशी मर्यादा घातली. युरोपात २० संयुगांची बेरीज १०० नॅनोग्रॅमच्या आत लागते. आता समजा प्रयोगशाळेची मोजण्याची किमान पातळीच ०.१ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे १०० नॅनोग्रॅम. ती ९० नॅनोग्रॅम असलेल्या पाण्यालाही ‘आढळले नाही’ असे लिहून देईल. अशा अहवालावर लोक निर्धास्त होतात, याचे मला फार वाईट वाटते. पीएफओएला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकले आहे. सहासंयुजी क्रोमियम आणि पीसीबी आधीपासून त्या गटात आहेत.

किती काळ लक्ष ठेवायचे? एका वेळचा आकडा म्हणजे त्या दिवसाचा आकडा. आपल्याकडे सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो. मे महिन्यात पाणी खाली गेलेले असते, ऑक्टोबरात वर येते. पातळी मुरमापर्यंत चढली की तिथे अडकलेले क्षार आणि रसायने पुन्हा पाण्यात उतरतात. पीएफएएस तर मातीत हवा आणि पाणी भेटतात त्या पृष्ठभागावर धरून राहतात आणि मोठ्या पावसात सुटतात. म्हणून किमान दोन वर्षे, दर मे आणि ऑक्टोबर, त्याच बोअरमधून, त्याच पद्धतीने, त्याच प्रयोगशाळेकडून. शिवाय पहिल्या मोठ्या पावसानंतर एकदा टीडीएस मोजा. प्रत्येक वेळी पाण्याची पातळी लिहा. पातळीशिवाय आकड्याचा अर्थ लागत नाही. चारही वेळा काही निघाले नाही तर नंतर वर्षातून एकदा पुरे.

काही निघालेच तर? राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी गावात १९८८ च्या सुमारास जेमतेम वर्षभर एच-अॅसिड बनवले गेले, जे रंग बनवायला लागते. उघड्यावर टाकलेल्या गाळाने विहिरींचे पाणी लालसर झाले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये खर्च प्रदूषण करणाऱ्याच्या माथी मारला, तरी पुढे कित्येक वर्षे कोर्टबाजी चालली. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांबाबत स्वतंत्र नियम आणले आहेत. जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची दर सहा महिन्यांनी माहिती द्यायची, प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक मूल्यांकन करायचे, आणि जबाबदार ठरेल त्याच्याकडून खर्च घ्यायचा, असा त्यांचा साचा आहे. पण तुमचे नाव एकदा कागदावर लागले की आधीचे कोणी केले हे सिद्ध करायची धावपळ तुमची. त्यामुळे आजचे नमुने हे तुमचे संरक्षण आहे. खरेदीखताला तपासणी अहवाल परिशिष्ट म्हणून जोडा, जुन्या दूषिततेची जबाबदारी विकणाऱ्याची असे कलम वकिलाकडून घालून घ्या, आणि काही रक्कम ऑक्टोबरच्या अहवालापर्यंत अडकवून ठेवा. विकणारा याला अजिबात तयार नसेल तर मी तरी ती जागा घेणार नाही.

तोवर एक गोष्ट मात्र कराच. सध्या त्या बोअरचे पाणी शेजारच्या दोन यंत्रमाग कारखान्यांचे कामगार पितात असे तुम्ही लिहिले आहे. उकळून यातले काहीच जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढते. आरओ बऱ्याच गोष्टी अडवतो, पण अडवलेले सगळे त्याच्या वाया जाणाऱ्या पाण्यात जाते आणि ते पाणी पुन्हा त्याच आवारात सोडले जाते. क्रोमियम आणि पीसीबीचा निकाल येईपर्यंत त्यांच्यासाठी पिण्याच्या पाण्याची दुसरी सोय लावा, मालकाशी बोलून या आठवड्यातच, आणि बोअरच्या नळावर ‘पिण्यासाठी नाही’ असे मराठी आणि तेलुगू दोन्हीत लिहून लावा.